घर-आवर प्रकल्प: डोंबिवलीतल्या ४१० स्क्वेअर फुटांच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आजपासून लिहायला घेतलंय. घर वन बीएचके, डोंबिवली पूर्व, कार्पेट ४१०, माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि आता चौथीत जाणारा लेक. मी घरूनच अकाउंटचं काम करते, अकरा दुकानदारांचं जीएसटी आणि हिशोब, त्यात हार्डवेअर, मेडिकल, दोन किराणा, एक केटरर असे सगळे आसपासचेच. म्हणजे माझं ऑफिस, लेकाच्या अभ्यासाची जागा, सासूबाईंची दुपारी आडवं व्हायची जागा आणि कोणी आलं की बसायची खोली, हे सगळं एकाच हॉलमध्ये.

हे सुरू करायचं कारण २० मे. त्या दिवशी हार्डवेअरवाल्या काकांची खरेदीच्या बिलांची पिशवी सापडेना. टू-बीशी, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीशी, बिलं जुळवल्याशिवाय मी कुणाचंच थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरत नाही, त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत घर उलटंपालटं केलं, लेकाला झोपेतून उठवून गादी उचलली, आणि पिशवी मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळी, सोफा-कम-बेडच्या आतल्या खोक्यात. पाहुणे येणार म्हणून घाईघाईत मीच तिथं कोंबली होती. एक दिवस उशीर, ५० रुपये लेट फी आणि एका दिवसाचं व्याज. पैसे मी भरले, काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "ताई, तुमच्याकडं असं कधी होत नाही." ते वाक्य अजून मनातून जात नाहीये.

केर-लादी आमच्याकडं रोज होते, घर अस्वच्छ कधीच नव्हतं. पसारा होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रात्री कळलं.

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं असं ठरवलंय. एक दोनशे पानी वही फ्रीजवर ठेवलीय, घरात कोणीही काहीही शोधलं की किती मिनिटं गेली ते लिहायचं.

११ जून, बुधवार

आज जीएसटीआर-वनची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख, सगळे भरले पण दोन रात्री पावणेबाराला. वहीत आजच्या नोंदी: पेन ड्राइव्ह १२ मिनिटं, स्टेपलरच्या पिना ७, केटररच्या डिजिटल सहीचा टोकन २५, सासूबाईंचा चष्मा ९, कात्री ६.

कात्री रोज आहे वहीत. घरात कात्र्या तीन आहेत.

१५ जून, रविवार

सात दिवसांची बेरीज ४ तास ३५ मिनिटं. हे फक्त शोधण्याचे. याशिवाय मी दुसरी एक गोष्ट मोजली, लॅपटॉप घेऊन बसायचं ठरवल्यापासून खरं पहिलं बिल टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पडेपर्यंत किती वेळ जातो. सरासरी २२ मिनिटं. कारण आधी जेवणाच्या टेबलावरून ताटं उचला, लेकाच्या वह्या बाजूला करा, टेबल पुसा, चार्जर आणा, फाइल आणा, मग खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाका आणि मग बसा, आणि बसेपर्यंत निम्मा दम गेलेला असतो, मग आधी जरा फोन बघते. दिवसातून तीनदा टेबल मोकळं करते म्हणजे एक तासाच्या वर नुसतं मांडायला जातो. मला कायम वाटायचं माझं लक्ष लागत नाही, मी आळशी झालेय. बेरीज बघून खरंच गळ्याशी आलं, कारण गेली चार वर्षं मी स्वतःला याच्यावरून बोल लावतेय.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. सॉक्सचा एक पाय, ओळखपत्र, पाण्याच्या बाटलीचं झाकण. १८ मिनिटं. लेक रडत गेला पहिल्या दिवशी.

२२ जून, रविवार

आज मोठं काम झालं आणि ते नवऱ्यामुळे झालं. तो अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात प्रॉडक्शनला आहे, त्यांच्याकडं फाईव्ह एस असतं. जपानी पद्धत, टोयोटासारख्या कारखान्यांतून जगभर गेलेली. सेइरी म्हणजे नको ते बाजूला काढा, सेइतोन म्हणजे उरलेल्याला ठरलेली जागा द्या, सेइसो म्हणजे साफ करा, सेइकेत्सु म्हणजे ते रोज तसंच राहील असा नियम बांधा आणि शित्सुके म्हणजे शिस्त, कोणी न सांगता होणं. मी इतकी वर्षं हे शब्द त्याच्या तोंडून ऐकतेय, पण ते घरात आणावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तो म्हणाला, "अगं आपण दरवेळी तिसऱ्यापासून सुरू करतो. दिवाळीला सगळं काढून पुसतो आणि परत तेच सगळं आत ठेवतो." अगदी खरं आहे हे.

मग पहिल्यापासून घेतलं. ज्या वस्तूबद्दल ठरत नाही तिला कारखान्यात लाल चिठ्ठी, रेड टॅग, लावून तारीख घालून एका कोपऱ्यात ठेवतात, ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती जाते. आम्ही टीव्हीचं जुनं खोकं घेतलं, वर २२ जून लिहिलं, मुदत २२ ऑगस्ट. पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे ३१ निघाले, ते लगेच भंगारात. चार्जर १४, त्यातले चालणारे ५. लेकाचे बालवाडीचे कपडे एक मोठी पिशवी भरून.

सासूबाईंच्या साड्यांच्या तुकड्यांची गाठोडी दोन. मी हात लावल्यावर त्या म्हणाल्या, "त्याची गोधडी व्हायचीय, ते नाही द्यायचं." आवाज चढले थोडे. शेवटी गाठोडी त्यांच्या कपाटात त्यांनी स्वतः बसवली आणि त्यासाठी स्वतःच्या दोन जुन्या ब्लँकेटवर लाल चिठ्ठी लावली. मला हे बरोबर वाटतं. दुसऱ्याची वस्तू आपण काढायची नाही, जागा किती आहे ते दाखवायचं आणि निवड त्याच्यावर सोडायची.

माझ्या कामाच्या कागदांत मात्र असं टाकून देता येत नाही. जीएसटीच्या कायद्यानं हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षीच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, म्हणजे सहा वर्षं. पण ती जपायची जबाबदारी दुकानदाराची, आणि मी माझ्या पलंगाखाली सात जणांची जुनी वर्षं सांभाळत बसले होते. ज्याची त्याला, गठ्ठा बांधून, यादी करून, वहीत सही घेऊन परत करायची ठरवली.

२६ जून, गुरुवार

सहा जणांचे गठ्ठे गेले. पलंगाखाली हात आडवा फिरवला तर भिंतीला लागला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

त्या जागेत आता हॉलमधल्या गाद्या गेल्या, गाद्यांच्या जागी खिडकीखाली दोन बाय तीनचं फोल्डिंगचं टेबल आलं, आणि हे टेबल फक्त माझ्या कामाचं. त्यावर ताट नाही, भाजी निवडणं नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत. भिंतीवर एक फळी मारून घेतली, अकरा बॉक्स फाइली ओळीत उभ्या, प्रत्येकीच्या पाठीवर दुकानाचं नाव. दुकानदार बिलं देऊन गेला की पिशवी खाली ठेवायचीच नाही, त्याच्यासमोरच फाइलमध्ये.

यात एक गोष्ट खूप जवळून दिसली म्हणून लिहितेय. मेडिकलवाल्यांच्या पिशवीत पेट्रोलची आणि मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं होती, थर्मल कागदाची. पावसाळी दमटपणात ती एकमेकांना चिकटलेली, आणि जी प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये मी "नीट" ठेवली होती तीच जास्त उडालेली, तारीख उजेडात तिरकी धरून वाचावी लागली, एकावर रक्कमच दिसेना. त्या कागदाला उष्णता, उजेड आणि प्लॅस्टिक तिन्ही चालत नाही. म्हणजे मी जपायला म्हणून जे केलं त्यानंच ती खराब झाली. आता बिल आलं की त्याच दिवशी स्कॅन आणि साध्या कागदावर झेरॉक्स, मूळ बिल झेरॉक्सच्या मागे.

२८ जून, शनिवार

पाऊस थांबत नाहीये. यंदा तर मुंबईत २६ मेलाच मान्सून आला, कपडे वाळायचे वांधे त्या दिवसापासून. हॉलमधल्या दोऱ्या मात्र काढल्या, बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये वर ओढायचा स्टँड लावला. डोळ्यांसमोर ओले कपडे लटकत नाहीत याचा एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. काम करताना मान वर केली की खिडकी दिसते.

३ जुलै, गुरुवार

आज माझ्या हातून झालेली चूक लिहायलाच हवी.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या ओट्यावर चहा-साखरेच्या डब्याशेजारी एका स्टीलच्या ताटलीत असायच्या. ओटा मोकळा करायच्या भरात मी रविवारी त्या औषधांच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या, लेबल वगैरे लावून, त्यांना सांगितलंही होतं. आज सकाळी त्यांना चक्कर आली, भिंतीला धरून खाली बसल्या. डॉक्टरांकडं नेलं, बीपी वाढलेलं, आणि विचारल्यावर कळलं की सोमवारपासून गोळीच घेतली नाहीये. त्या म्हणाल्या, "चहा करताना ती ताटली दिसली की आठवायचं गं. दिसली नाही, विसरले."

आता बरं आहे. पण दिवसभर हात थरथरत होते माझे.

त्या गोळीची सवय सासूबाईंच्या डोक्यात नव्हतीच, ती त्या ताटलीत होती. चहाचा डबा, शेजारी ताटली, ताटलीत गोळी. मी पसारा समजून मधली कडीच काढून टाकली. ताटली आज परत तिथंच ठेवली आणि आता घरातलं काहीही हलवायच्या आधी विचारणार आहे की ही वस्तू इथं असल्यामुळे कोणाला काय आठवतं. ओटा मोकळा दिसण्यापेक्षा ते मोठं आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास, साबुदाण्याची खिचडी, दुपारी टीव्हीवर पंढरपूर. आज काहीच आवरलं नाही.

सवयीबद्दल एक वाचलं ते टिपून ठेवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी नवी सवय ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे करायला सांगितली होती, म्हणजे न्याहारीनंतर पाणी पिणं वगैरे असं. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, पण माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडं फिरतं ते यात कुठं बसत नाही. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं, ते वाचून आजचा दिवस मनाला लागला नाही.

आमची सवय अशी ठरलीय: रात्री जेवणानंतर ओटा पुसून झाला की लगेच दहा मिनिटं, सगळ्यांनी, हॉलमध्ये जे जागेवर नाही ते जागेवर. मोबाइलवर दहा मिनिटांची घंटी, वाजली की थांबायचं, राहिलं तर राहू दे.

११ जुलै, शुक्रवार

जीएसटीआर-वन अकराच्या अकरा काल संध्याकाळी साडेसहाला संपले. आज शेवटच्या तारखेला मी दुपारी झोपले. बसल्यापासून पहिलं बिल पडेपर्यंत ४ मिनिटं, त्यातली दोन लॅपटॉप सुरू व्हायला.

१७ जुलै, गुरुवार

लेकाला सोमवारपासून ताप होता, आज उतरला. चार दिवस घरात काही बघितलं नाही. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, माझ्या टेबलावर काढ्याचे पेले, थर्मामीटर, ओली फडकी. बघून पोटात गोळा आला की झालं, गेलं सगळं. पण आज रात्री तिघांनी आवरायला घेतलं आणि ४० मिनिटांत घर परत होतं तसं. पूर्वी असं काही झालं की पुढचे दोन रविवार जायचे, कारण प्रत्येक वस्तू हातात घेऊन हे कुठं ठेवू असा विचार करावा लागायचा. आता तो विचार एकदाच करून ठेवलाय, त्यामुळे हात नुसते चालतात.

पसारा होणारच, चार माणसं राहतात. तो आवरायला किती वेळ लागतो ते मी आता मोजणार आहे.

२४ जुलै, गुरुवार

एका दुकानदाराला खात्याची नोटीस आलीय, त्याचं उत्तर लिहायचं होतं, अवघड आहे, गेल्या वर्षीचा फरक समजावून सांगायचाय. आणि मी सकाळी दहापासून एकपर्यंत मसाल्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत होते. सुंदर लागल्या चिठ्ठ्या. नोटिशीची एक ओळ लिहिली नाही. संध्याकाळी बसल्यावर लक्षात आलं की अवघड कामाची भीती वाटते तेव्हा मी आवरायला उठते, आणि आवरणं दिसायला इतकं चांगलं काम आहे की मला कोणी, मी स्वतःही, अडवत नाही.

नियम: दुपारी एकपर्यंत बरण्या, कपाट, खण काहीही उघडायचं नाही. टेबल मोकळं आहे ना, बास.

२७ जुलै, रविवार

आज नवऱ्याशी बोलणं झालं, शांतपणे पण स्पष्ट. या आठवड्यात रात्रीची दहा मिनिटं सातपैकी सहा रात्री मी एकटीनं केली. तो थकून येतो, सात-वीसची गाडी, खरं आहे. पण मग हे घराचं न होता माझंच आणखी एक काम झालं.

त्याला मी एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली छापलेला, दोघंही नोकरी करणारी ३० जोडपी, म्हणजे ६० जण, त्यांनी आपापल्या घरातून फिरत घराचं वर्णन केलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, दिवसभरात मोजलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त आले, त्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पुरुषांत तसं ठळक दिसलं नाही. मी म्हटलं, "अरे, तोच सोफा, तेच कपडे, तुला दिसतो सोफा आणि मला दिसतं राहिलेलं काम." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या प्रॉडक्शन लाइनवर प्रत्येक जागेला एक नाव लावलेलं असतं. इथं सगळ्या जागांना तुझंच नाव आहे."

वाटणी लिहून फ्रीजवर लावली. चपला, दप्तर आणि खेळणी लेक. टीव्हीचा कप्पा, खुर्ची आणि पाण्याच्या बाटल्या नवरा. ओट्याची डावी बाजू सासूबाई, त्यांनी स्वतःच मागितली, "हात फिरे तिथं लक्ष्मी, मला काय बसवून ठेवता." माझं टेबल आणि फळी मी. दुसऱ्याच्या जागेला हात लावायचा नाही, राहिलं तरी.

हे राहिलेलं बघत बसणं माझ्यासाठी सगळ्यात कठीण आहे.

१० ऑगस्ट, रविवार

परत सात दिवस मोजलं. शोधण्याचे १ तास ५ मिनिटं, त्यातली २० मिनिटं एकट्या गॅसच्या पुस्तकाची. कात्री सात दिवसांत एकदाही नाही. दोन कात्र्या आम्ही जून महिन्यातच काढल्या, एकच राहिली, दुसऱ्या खणात डावीकडं. तीन होत्या तेव्हा प्रत्येकाला वाटायचं दुसरी कुठंतरी असेल, कोणीच जागेवर ठेवायचं नाही.

मोकळा झालेला वेळ सगळा कामात गेला असं नाही. दोन नवीन क्लायंट घेतले, पण संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप बंद होतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लेक आता माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खाली बसून गृहपाठ करतो, त्याला कोणी सांगितलं नाही. फोन मात्र तसाच आहे. टेबल कितीही मोकळं असलं तरी त्यावर फोन पालथा पडलेला असतो आणि हात तिकडं जातो. त्याला घराच्या आवराआवरीचं औषध नाही, त्याचं वेगळं बघावं लागेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. सीएसएमटी-ठाणे गाड्या बंद, शाळांना सुट्टी, चौघंही घरात. असा दिवस जूनमध्ये आला असता तर मी एक ओळ काम करू शकले नसते. आज टेबलाशी बसून चार तास सलग झाले, बाजूला पत्त्यांचा डाव चालू होता. रात्री आठला लाइट गेली आणि लेकानं अंधारात चाचपत जाऊन चपलांच्या कपाटावरून टॉर्च आणली, कशाला धडकला नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मुंबई, ठाणे, रायगड, पालघरसाठी पावसामुळे थ्री-बीची तारीख २७ पर्यंत वाढवलीय. आमचे सगळे १८ लाच भरून झालेत. हार्डवेअरवाल्या काकांना तारखेचं सांगायला फोन केला तर म्हणाले, "तुमचं झालंच असेल ताई."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

लाल चिठ्ठीचं खोकं उघडलं. दोन महिन्यांत त्यातून फक्त दोन वस्तू परत आल्या, इस्त्रीची जुनी वायर आणि लेकाची एक फाटकी टोपी. टोपी का ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ब्लँकेटं खालच्या वॉचमनदादांनी नेली.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. दीड दिवसाचा असतो आमचा, आणि दरवर्षी बसतो खिडकीखाली, म्हणजे आता जिथं माझं टेबल आहे तिथंच. मला वाटलं होतं यावरून काहीतरी होणार. सासूबाईच म्हणाल्या, "टेबल घडीचंच आहे ना, दोन दिवस दाराआड राहील."

आज रंगीत तालीम केली. फाइलींच्या फळीवर पांढरं कापड सोडलं, तेच मखराच्या मागचा पडदा होईल. लॅपटॉप आणि टोकनचा डबा बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, टेबल घडी करून दाराआड, एकूण १५ मिनिटं. नवऱ्यानं टेबल उचलायच्या आधी लादीवर खडूनं चार पायांच्या चार खुणा केल्या, त्यांच्या कारखान्यात ट्रॉलीच्या जागेला करतात तशा. शुक्रवारी सकाळी टेबल परत त्याच खुणांवर, इन्कम टॅक्सचे सात रिटर्न बाकी आहेत आणि मुदत १५ सप्टेंबर. लेकाला सांगून ठेवलंय, रांगोळी काढताना त्या चार खुणा मोकळ्या सोडायच्या.